तयार सर्व्हर की जोडणीचा?

शाळा, पतसंस्था, तालुक्याची कार्यालये यांच्या नोंदी आता संगणकावर ठेविल्या जातात. या नोंदी एके ठिकाणी साठवून अनेक संगणकांना पुरविणाऱ्या यंत्रास सर्व्हर म्हणतात. असे यंत्र नामांकित कंपनीकडून तयार घ्यावे, की सुटे भाग आणून जुळवून घ्यावे, हा प्रश्न खरेदीच्या वेळी हटकून उपस्थित होतो. जोडणीचे यंत्र बहुधा स्वस्त पडते. मात्र ही स्वस्ताई कोणास मानवते, हे एका उदाहरणावरून पाहणे उद्बोधक ठरेल.

गूगलचा प्रयोग

१९९८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झालेल्या गूगल कंपनीने १९९९ साली आपले सर्व्हर स्वतःच जुळविले. एकेका तबकात विद्युतरोधक म्हणून बुचाचा थर अंथरून त्यावर चार-चार मदरबोर्ड मांडले होते. २००३ साली कंपनीच्या अभियंत्यांनी आपला हिशेब प्रसिद्ध केला. तेव्हा पंधरा हजारांहून अधिक साधे संगणक कंपनीच्या सेवेत होते. १७६ प्रोसेसर असलेल्या ८८ साध्या यंत्रांची किंमत सुमारे २ लाख ७८ हजार डॉलर, तर अवघ्या आठ प्रोसेसरांच्या एका मोठ्या सर्व्हरची ७ लाख ५८ हजार डॉलर होती.

तथापि, हे यश केवळ स्वस्त भागांचे नव्हते. यंत्रे बिघडणारच, हे गृहीत धरून एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवलेली असे. एक बंद पडले की दुसरे त्याचे काम उचली. आरंभीच्या यंत्रांच्या मेमरीत चूक ओळखण्याची सोय नव्हती. ती उणीव सॉफ्टवेअरमध्ये तपासणीची व्यवस्था करून भरून काढावी लागली.

कार्यालयाने काय पाहावे?

ज्या कार्यालयात एकच सर्व्हर असतो, तेथे परिस्थिती उलट असते. पॉवर सप्लाय जळाला की खिडकीवरील काम थांबते आणि दाखल्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. जोडणीच्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी निराळी. दोष कोणाचा, याच वादात दिवस जातात. तयार सर्व्हरची जादा किंमत ही बव्हंशी एकाच कंपनीने घेतलेल्या जबाबदारीची किंमत होय. चूक दुरुस्त करणारी मेमरी आणि दुहेरी पॉवर सप्लाय या सोयी त्यात आहेत किंवा नाहीत, हे मागणीपत्र देण्यापूर्वी पाहावे. दुरुस्ती किती तासांत होईल, हेही करारात लिहून घ्यावे.

जेथे जाणकार कर्मचारी कायम उपलब्ध आहे व सुटे भाग हाताशी ठेवता येतात, तेथे जोडणीचे यंत्र अवश्य घ्यावे. मात्र भागांची यादी लेखी असावी; अन्यथा तो कर्मचारी बदलून गेला की यंत्र पोरके होते.

यंत्र कोणतेही असो, नोंदींची प्रत रोज अन्यत्र ठेवणे अगत्याचे आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय म्हणजे प्रत नव्हे. चुकीने पुसलेली नोंद दोन्हींवरून पुसली जाते. यंत्र नवे घेता येते, गेलेल्या नोंदी विकत मिळत नाहीत.