पत्राची वाट : टपालातली आणि ई-मेलमधली

कलाशाखेच्या वार्षिक अंकात मेल-सर्व्हरवरचा लेख पाहून काही मित्रांच्या भुवया उंचावतील. परंतु प्रवेशापासून शिष्यवृत्तीपर्यंतची बरीचशी पत्रे आज ई-मेलनेच येतात. ती कोणत्या वाटेने येतात आणि कोठे अडतात, हे आपणही समजून घेतले पाहिजे असे मला वाटते.

प्रथम आपल्या परिचयाचे टपाल पाहू. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. हिंगोलीचा क्रमांक ४३१५१३. त्यातील पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपालघर दाखवितात. छाननीचा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तरी हिंगोली, परभणी, नांदेड आणि जालना या चारही शहरांचे क्रमांक ४३१ ने सुरू होतात, तर मराठवाड्यातल्याच लातूरचा ४१३ ने. पत्राची वाट राज्यकारभाराच्या सीमांप्रमाणेच ठरते असे नाही.

ई-मेलमध्ये हेच काम पत्त्याचा उत्तरार्ध करतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी व्यक्ती आणि तिचे यंत्र यांच्या नावांमध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घातले. पाठविणारा सर्व्हर या चिन्हाच्या पुढचाच भाग वाचतो आणि त्या नावाची ‘एमएक्स’ नोंद शोधतो. नोंदीत टपाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरांची नावे व त्यांपुढे अंक असतात. लहान अंकाला मान पहिला; तो सर्व्हर बंद असल्यास पुढचा. सगळेच तात्पुरते बंद असतील तर पत्र रांगेत थांबते, पुनःपुन्हा प्रयत्न होतो आणि काही दिवसांनी ते पाठविणाऱ्याकडे परतते.

चिन्हाच्या आधीचे नाव शेवटचा सर्व्हर वाचतो. तेथेच ‘या नावाचे पत्र त्या पत्त्यावर पाठवा’ अशी नोंद करता येते. गाव सोडून पुण्यास गेलेल्या माणसाचे पत्र टपालघर नव्या पत्त्यावर धाडते, तसेच हे.

मात्र येथे एक मोठा फरक आहे. आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची यादी अनेक संस्था जाहीर करतात. तिला ‘एसपीएफ’ म्हणतात. पुढे धाडणारा सर्व्हर मूळ संस्थेच्या यादीत बहुधा नसतो. त्यामुळे नव्या पत्त्यावरील पहारेकरी खऱ्या पत्रालाही तोतया समजतो. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीचे शिष्यवृत्तीचे पत्र असेच अडकले. पाठविणाऱ्यांच्या दप्तरी ते ‘रवाना’ होते, तिच्या हाती मात्र काहीच नव्हते. मुदत टळून गेली.

उपाय आहेत. पुढे धाडताना पाकिटावरील प्रेषकाचा पत्ता आपल्या सर्व्हरच्या नावाने बदलावा. पत्राच्या मजकुराला वा विषयाला हात लावू नये, म्हणजे मूळ संस्थेची ‘डीकेआयएम’ ही अंकीय स्वाक्षरी शाबूत राहते. दोन पत्ते एकमेकांकडे धाडत नाहीत ना, हे पाहावे. नाहीतर सर्व्हर फेऱ्या मोजून पत्र थांबवीपर्यंत ते फिरतच राहील. मूळ पेटीत एक प्रत ठेवावी आणि बाहेरच्या पत्त्यावरून एक चाचणीचे पत्र अवश्य पाठवावे.

आपण विद्यार्थ्यांनी एवढे करावे : पत्ता बदलला की पाठविणाऱ्यांना स्वतः कळवावे, आणि मुदत जवळ असेल तेव्हा जुनी पेटी व ‘स्पॅम’चा कप्पा दोन्ही उघडून पाहावेत.