लाइन १०० ची, वेग २० चा

आमच्या सहकारी बँकेच्या एका शाखेतून डेटा सेंटरला जाणारी लाइन १०० एमबीपीएसची होती. रात्रीचा बॅकअप मात्र २०-२५ च्या पुढे सरकेना. सकाळी काउंटर उघडायची वेळ व्हायची तरी तो चालूच. पुरवठादाराकडे तक्रार केली की त्यांचा माणूस चाचणीचं यंत्र घेऊन यायचा, पूर्ण १०० चा प्रवाह सोडून दाखवायचा. एकही पॅकेट गळायचं नाही. आमचा आलेखही लाइन अर्धी रिकामीच दाखवायचा. मग संशय सर्व्हरवर, डिस्कवर, बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर. यात माणसांच्या झोपा गेल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दोष निघाला पुरवठादाराच्या स्विचवरच्या एका आकड्यात. पोर्ट १ जीबीपीएसचा, त्यावर मर्यादा १०० एमबीपीएसची, आणि बर्स्ट फक्त १० किलोबाइट.

मर्यादा घातली म्हणून पोर्टचा वेग कमी होत नाही. स्विचमध्ये टोकनची एक बादली असते. १०० एमबीपीएसला तिच्यात दर मायक्रोसेकंदाला साडेबारा बाइटची टोकनं पडतात. पॅकेट आलं की तेवढी टोकनं खर्च होतात, आणि पुरेशी नसतील तर पॅकेट फेकलं जातं. बर्स्ट म्हणजे या बादलीचं माप. आता सर्व्हरकडे पाहा. १ जीबीपीएसच्या पोर्टवरून १५०० बाइटचं पॅकेट १२ मायक्रोसेकंदांत निघतं. तेवढ्या वेळात बादलीत पडतात जेमतेम १५० बाइट. म्हणजे सलग सात-आठ पॅकेटं आली की बादली कोरडी. लिनक्सचा सर्व्हर टीसीपीची सुरुवातच १० पॅकेटांनी करतो, आणि आजची नेटवर्क कार्डं तर ६४ किलोबाइटपर्यंतचा डेटा एका दमात बाहेर ढकलतात. गळती होणारच. पॅकेट गळलं की टीसीपी गर्दी झाली असं समजून वेग झटकन खाली आणतं, हळूहळू चढतं, पुन्हा आपटतं. सरासरी २० वर अडकते ती अशी.

चाचणीचं यंत्र मात्र समान अंतराने पॅकेटं सोडतं, त्यामुळे बादली कधी रिकामी होतच नाही. आणि आलेखातल्या पाच मिनिटांच्या सरासरीत मिलिसेकंदांचे झटके दिसत नाहीत. म्हणून आलेखावर भरवसा ठेवू नका. पोर्टवरच्या ड्रॉपचे काउंटर मागा. वेग मोजायचा तर टीसीपीनेच मोजा. त्यासाठी २०११ ची आरएफसी ६३४९ ही पद्धत आहे, तिचं नाव घेऊनच चाचणी मागा.

बर्स्ट किती हवा? पोर्टच्या पूर्ण वेगाने ५ मिलिसेकंदांत जाईल तेवढा, असा एक रूढ ठोकताळा आहे. १ जीबीपीएसला तो ६२५ किलोबाइट येतो. मनाला येईल तेवढा वाढवू मात्र नये. मोठे झटके पुढच्या स्विचच्या बफरवर आदळतात आणि त्याचा त्रास त्याच मार्गावरच्या दुसऱ्यांना होतो.

माझ्या मते खरा उपाय आपल्याच हातात असतो. पुरवठादार जास्तीची पॅकेटं फेकतो, आपला राउटर ती रांगेत थांबवून बेताने सोडू शकतो. त्याला शेपिंग म्हणतात. ते ९५ च्या आसपास ठेवावं, कारण इथरनेटच्या वरखर्चाचे बाइट मर्यादेत मोजले जातात की नाही हे यंत्रागणिक बदलतं. रांगेमुळे थोडा उशीर होतो, म्हणून फोनच्या आवाजाची पॅकेटं वेगळ्या, अग्रक्रमाच्या रांगेत घालायला विसरू नका. आमच्याकडे बर्स्ट वाढवून घेतला, शेपिंग लावलं आणि बॅकअप पहाटेच्या आत संपू लागला.

नवी लाइन घेताना करारात वेगाशेजारी बर्स्टचा आकडाही लिहून घ्या. तो सांगायला जो पुरवठादार टाळाटाळ करेल, त्याच्या कागदावर सही करू नका.