भातावरील पानें गुंडाळणारी अळी

पनवेल व उरण तालुक्यांतील बराच प्रदेश 1970 नंतर नवी मुंबईच्या पोटांत गेला. तरी कांहीं खाचरांत अजून भात होतें. त्यावर ही अळी पडते. हिचा पतंग लहान, पिंवळसर तपकिरी असून पंखांवर काळपट नागमोडी रेघा असतात. अळी हिरवट, सुमारें पाऊण इंच लांब. पानाच्या दोन्ही कडा रेशमी धाग्यांनीं जोडून ती नळी करते व आंत बसून हिरवा भाग खरवडून खाते. मागें पांढरे पट्टे उरतात.

गतवर्षीं हे पट्टे पाहून मीं रोगच समजलों आणि युरियाचा आणखी एक हप्ता दिला. पीकपाहणीचीं पत्रकें जन्मभर लिहिलीं, पण एक पान उलगडून पाहिलें नाहीं! नत्राच्या अतिरेकानें अळी माजते. पंधरवड्यांत शेत दुरून पांढुरकें दिसूं लागलें.

बांधावरील गवतावरही ही जगते. शेजारची जमीन बांधकामासाठीं पडीक राहिली असल्यास तेथील गवत कापण्याची परवानगी पावसाच्या आरंभींच मागावी. नळ्या दिसतांच काटेरी फांदी पिकावरून ओढावी. नळ्या उलगडून अळ्या खालीं पडतात. ट्रायकोग्रामा नांवाचा सूक्ष्म कीटक हिचीं अंडीं नासवितो, म्हणून विषारी औषध सरसकट फवारूं नये.