पंधरा म्हणजे किती?

२०२३च्या अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी रात्री, मला एका आंबेवाल्या दादांची व्हॉइस नोट आली. सात सेकंदांची. मागे टेम्पो सुरू होता आणि कुणीतरी पेट्या मोजत होतं. ‘ताई, तिजेला जोर लावू. बजेट पंधरा करून टाका.’

मी केलं.

तेव्हा त्यांच्या जाहिरातीचं बजेट रोजचं हजार रुपये होतं. त्यांच्या मनात होतं पंधराशे. मी ऐकलं पंधरा हजार. व्यापारी माणसाच्या तोंडी ‘पंधरा’ म्हणजे समोरच्याला ठाऊक असलेले पंधरा, आणि मला वाटलं, मला ठाऊक आहेत. जोर लावायचाय म्हणाले ना!

मी ऑनलाइन मार्केटिंग करते. आधी पुण्यात एका एजन्सीत नोकरी, मग घरूनच स्वतःचं काम. आता चिंचवडच्या घरातल्या बेडरूममधलं एक टेबल म्हणजे माझं ऑफिस. सासूबाई शेजारणीला सांगतात, ‘ती फेसबुकवर असते.’ एका परीने खरंच आहे ते. आंबेवाले, फर्निचरवाले, दातांचा दवाखाना, मेहंदीचे क्लास अशा लहान धंद्यांच्या जाहिराती मी गूगलवर आणि इन्स्टाग्रामवर चालवते. दुसऱ्यांचे पैसे खर्च करायचं काम. हे सांगायला बसले आहे, कारण त्या आठवड्यात ते पैसे दुसऱ्यांचे नव्हते, माझे होते.

ते असं झालं. हंगाम सुरू झाला तेव्हा दादा म्हणाले, ‘माझं कार्ड चालत नाहीये, तुम्ही टाका, मी देतो.’ बागेतला माणूस, दोन वर्षांची ओळख, पैसे कधी बुडवले नव्हते. मी माझ्या गूगलच्या खात्यात, माझ्या क्रेडिट कार्डवरून बुधवारी ६० हजार भरले. त्यातून अठरा टक्के दराने जीएसटी गेला आणि जाहिरातीला उरले ५० हजार ८४७. रोज हजाराच्या हिशेबाने ते मृगापर्यंत पुरले असते. तोवर हापूस संपतोच.

गुरुवारी रात्री बाराच्या सुमाराला मी तिजेसाठी नवं कॅम्पेन बनवलं. सकाळी साताऱ्याला माहेरी जायचं होतं, बॅग अर्धी भरलेली होती. गूगलवर नवीन सर्च कॅम्पेन उघडलं की काही खुणा आधीच केलेल्या असतात. सर्चबरोबर इतर वेबसाइटांवर जाहिरात दाखवायची खूण असते. ‘पुण्यात असलेली किंवा पुण्यात रस असलेली माणसं’ अशी निवड असते, म्हणजे दुबईत बसून पुण्याबद्दल काही शोधणाराही त्यात आला. आणि शब्द नुसता टाकला, अवतरणात किंवा चौकटी कंसात घातला नाही, तर गूगल त्याचा सैल अर्थ लावतं. जुन्या कॅम्पेनला या सगळ्याला मी आळा घातलेला होता. नको असलेल्या शब्दांची यादीही जोडलेली होती. नव्याला यातलं काहीच केलं नाही. ‘साताऱ्याहून बघू,’ म्हटलं.

साताऱ्याला मी आमरस खाल्ला.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, पण त्या रात्री आठवली नाही. रोजचं बजेट म्हणजे रोजची मर्यादा नव्हे. एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं. फक्त महिन्याचा एकूण खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपुढे जाऊ देत नाही. म्हणजे पंधरा हजार लिहिले की एका दिवसात तीस हजार जाणं नियमातच बसतं. शुक्रवारी बावीस हजार गेले. शनिवारी, ऐन तिजेच्या दिवशी, पंचवीस. रविवारी सकाळी साडेदहापर्यंत शिल्लक शून्य. शिल्लक कमी झाल्याची मेल आली होती, पण गूगलच्या मेल रोजच येतात, आणि त्यातल्या नव्वद टक्के ‘बजेट वाढवा’ असंच सांगतात. मी त्या उघडत नाही. आता उघडते.

रविवारी संध्याकाळी परतताना खंबाटकीच्या अलीकडे गाडी अडकली म्हणून फोनवर अ‍ॅप उघडलं. पहिल्यांदा वाटलं, आकडा चुकीचा दिसतोय. मग लोकांनी काय शोधलं तेव्हा आपली जाहिरात दिसली, त्याची यादी पाहिली. ‘माझे आवडते फळ आंबा निबंध’. ‘आंब्याचे चित्र सोपे’. ‘कोयीपासून आंब्याचे झाड कसे लावावे’. ‘मँगो ड्रेस सेल’. उन्हाळी सुट्टीतलं कुणाचं पोर चित्र काढायला आंबा शोधत होतं आणि त्याच्या प्रत्येक टिचकीला मी पैसे मोजत होते. नवरा गाडी चालवत होता. त्याने विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, नेटवर्क नाहीये.’

खऱ्या गिऱ्हाइकांनीही फोन केले. पण दादांकडे फोन घ्यायला एक पुतण्या, आणि तोच दिवसभर स्कूटरवरून पेट्या पोहोचवणारा. शेकड्यांनी फोन आले, निम्म्याहून अधिक वाजून वाजून थांबले. ऑर्डर झाल्या एकतीस पेट्यांच्या, आणि त्यातल्या नऊ पेट्या त्यांच्याकडे तयारच नव्हत्या, आंबा अजून अढीत होता. हा भाग मला पैशांपेक्षा जास्त लागला. जाहिरात लावण्याआधी ‘फोन कोण उचलणार’ आणि ‘माल किती आहे’ हे दोन प्रश्न मी विचारलेच नव्हते. हे काही मार्केटिंगच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. मंडईत गाळा लावणाऱ्या कुणाही बाईला ते माहीत असतं.

सोमवारी दादांशी बोलले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, मी पंधराशे म्हटलं होतं.’ ताईची मॅडम झाले, तिथेच समजलं. ती व्हॉइस नोट मी अकरा वेळा ऐकली. ‘शे’ कुठेच ऐकू येत नाही. ‘हजार’ही नाही. गूगलच्या खात्यात बदलांची नोंद राहते, कुणी, कधी, काय बदललं. त्यात माझं नाव आणि रात्रीचे ११.५२. त्यांच्या बाजूला एक आवाज, माझ्या बाजूला माझी सही.

शेवटी अर्ध्यावर तोडलं. त्यांनी तीस हजार द्यायचे कबूल केले आणि दिलेही. दहा जूनमध्ये, दहा दसऱ्याला, दहा दिवाळीनंतर. उरलेले तीस माझे गेले, वर महिना साडेतीन टक्क्यांनी कार्डाचं व्याज. मेच्या शेवटी त्यांनी एक पेटी घरी पाठवली. आंबा उत्तम होता. तसा महाग आंबा मी आयुष्यात खाल्लेला नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या. या धंद्यात नवीन येणाऱ्या मुलामुलींनी माझ्यासारखे पैसे घालवून त्या शिकू नयेत असं मला वाटतं.

सगळ्यात आधी, क्लायंटची जाहिरात स्वतःच्या कार्डावरून चालवू नका. ‘तुम्ही टाका, मी देतो’ हे वाक्य जितकं आपुलकीने येईल तितक्या नम्रतेने नाही म्हणा. खातं त्यांच्या नावाचं, कार्ड किंवा यूपीआय त्यांचं, आणि तुम्ही तुमच्या मॅनेजर अकाउंटमधून त्याला जोडलेले. फेसबुकवरही पेज आणि जाहिरातीचं खातं त्यांच्या बिझनेस खात्यात असावं, तुम्हाला भागीदार म्हणून परवानगी असावी. काम सुटलं की परवानगी काढली, संपलं. ज्यांचं पेज जुन्या एजन्सीतल्या एखाद्या मुलाच्या खासगी प्रोफाइलवर अडकलंय आणि तो मुलगा आता फोन घेत नाही, असे किमान चार धंदेवाले मी पाहिलेत. खातं त्यांच्या नावावर असण्यात जीएसटीचाही मुद्दा आहे. ताज्या आंब्यावर कर नाही, त्यामुळे दादांना जाहिरातीवरच्या कराची वजावट तशीही मिळाली नसती. पण माझ्या फर्निचरवाल्यांना मिळते, ती खातं त्यांच्या नावावर आणि त्यात त्यांचा जीएसटी नंबर घातलेला आहे म्हणूनच. माझ्या नावावर बिल आलं असतं तर तो कर त्यांच्या हातून गेला असता.

दुसरं, आकडा लिहून घ्या. व्हॉइस नोटवर बजेट बदलायचं नाही, फोनवर तर नाहीच. चेकवर लिहितो तसं, आकड्यात आणि अक्षरात, आणि ‘रोज’ की ‘एकूण’ तेही. सुरुवातीला लोक हसतात. हसू द्या.

तिसरं, पैसे वेळेवर न येणं हा आपल्या धंद्याचा जुना आजार. दिवाळीचं काम नवरात्रात होतं आणि पैसे संक्रांतीला मिळतात. उद्यम नोंदणी फुकट होते, ती काम सुरू होण्याआधी करून ठेवा. मग सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्याखाली, लेखी करार असला तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि नसला तर पंधरा दिवसांत पैसे देणं समोरच्यावर बंधनकारक होतं, त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली आहे, की नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च वजा करून मिळत नाही. कायद्याची धमकी मी कुणाला दिलेली नाही. बिलाच्या खाली उद्यमचा नंबर छापते, आणि क्लायंटचे सीए तो वाचतात. तेवढं पुरतं.

आता या कामाचा वैताग काय असतो तेही थोडं सांगते, कारण चूक त्या वैतागातूनच होते. लोकांना वाटतं आपण दिवसभर काहीतरी सर्जनशील करतो. दिवसाचा मोठा भाग ‘लोगो मोठा करा’ यात जातो. दर सणाला, दर जयंतीला शुभेच्छांचं क्रिएटिव्ह लागतं. त्यावरून एकही गिऱ्हाईक येत नाही, पण मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते फिरतं. शिवजयंतीला दोन पोस्ट तयार ठेवाव्या लागतात, १९ फेब्रुवारीची आणि तिथीची, आणि कोणत्या क्लायंटला कोणती हे विसरलं तर रात्री फोन येतो. ‘एखादी रील व्हायरल करून द्या’ असं सांगणारे तर, भाजीवाल्याला ‘कोथिंबीर वर द्या’ म्हणावं तितक्या सहज सांगतात. माल खपला तर मालाचं कौतुक, नाही खपला तर जाहिरातच बकवास.

शिवाय ज्या जमिनीवर आपण घर बांधतो ती आपली नाही. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सहाएक तास बंद पडलं. घटस्थापना तीन दिवसांवर, सगळ्यांच्या जाहिराती रांगेत. एका क्लायंटबाईंचा साधा फोन आला, ‘मॅडम, आपलं फेसबुक बंद पडलंय, जरा बघता का?’ त्या ‘आपलं’ वर मी हसले, मग वाटलं, यांच्या दृष्टीने फेसबुक मीच आहे. जुलै २०२३मध्ये गूगलने जुनं अ‍ॅनालिटिक्स थांबवलं आणि वर्षानुवर्षं सवयीचे झालेले रिपोर्ट नव्याने शोधावे लागले. त्या शिकण्याचं बिल कुणाला लावणार?

दिवसभर हे असं चालतं, आणि खरं काम, पैशांचं काम, रात्री बाराला बॅग भरता भरता होतं. माझी चूक तिथे होती. ‘पंधरा’ ऐकताना मी दमलेली होते, आणि दमलेला माणूस विचारत नाही, समजून चालतो. आता रात्री नऊनंतर मी कुठल्याही खात्यात पैशांना हात लावत नाही. नवं कॅम्पेन सुरू केलं की पहिल्या दिवशी दोन तासांनी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघते. सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी काहीही नवं सुरू करत नाही, मग तीज असो की धनत्रयोदशी. दोन क्लायंट यामुळे सुटले. सुटू दिले.

आंबेवाल्या दादांचं काम मी अजून करते. खातं त्यांच्या नावावर आहे, पैसे पुतण्याच्या फोनवरून भरले जातात, आणि हंगामात फोन घ्यायला त्यांनी वहिनींना बसवलंय. पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेआधी पुन्हा त्यांची व्हॉइस नोट आली, मागे तोच टेम्पो. ‘ताई, यंदा बजेट वीस करा.’ मी लिहून विचारलं, ‘वीस म्हणजे किती?’

पाच मिनिटांनी उत्तर आलं, टाइप केलेलं. ‘रोज २०००. अक्षरी रुपये दोन हजार फक्त.’