लेखकनिवास आणि शासकीय आश्रय : आयोवा उपक्रमाच्या निमित्ताने

साहित्यनिर्मितीस लाभणाऱ्या आश्रयाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने राजाश्रय व लोकाश्रय या संज्ञांच्या आधारे झालेला आहे. आश्रयदाता कोण, या प्रश्नाला त्यात अग्रस्थान मिळाले. आश्रयातून लेखकाला नेमके काय मिळते व ते किती काळ टिकते, हे प्रश्न मात्र काहीसे उपेक्षित राहिले. प्रस्तुत लेखात आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमाच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

प्रारंभी जवळचे उदाहरण घेणे उचित ठरेल. काष्टी ज्या तालुक्यात येते, त्या श्रीगोंद्यास (जुने चांभारगोंदे) ‘योगसंग्राम’कार शेख महंमद यांचे वास्तव्य होते. मालोजीराजे भोसले यांनी त्यांना मठ बांधून दिला, अशी परंपरा आहे. ती ग्राह्य धरल्यास हे दान ग्रंथासाठी नसून वास्तव्यासाठी होते, हे लक्षात येते. एकदा बांधलेल्या मठाला दरवर्षी नव्या मंजुरीची गरज नव्हती, हेही महत्त्वाचे.

आधुनिक लेखकनिवासाच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. १९६७ साली पॉल एंगल व ह्वालिंग न्ये यांनी आयोवा येथे हा उपक्रम सुरू केला. ओरहान पामुक (१९८५), हान कांग (१९९८) व मो यान (२००४) हे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे लेखक तेथे राहून गेले. या उपक्रमाला अमेरिकी परराष्ट्र खात्याचे साहाय्य होते. ते निर्हेतुक होते, असे मानण्याचे कारण नाही. शीतयुद्धाच्या काळात साहित्य हेही परराष्ट्रनीतीचे एक साधन होते.

तथापि, दात्याचा हेतू आणि लेखकाने त्या अवकाशाचा केलेला उपयोग या भिन्न गोष्टी होत. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात आयोवात होते. भारतात त्यापैकी बराच काळ आणीबाणीचा होता. ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ (१९८०) या त्यांच्या इंग्रजी संग्रहाच्या शीर्षकातच प्रवास व पिंजरा एकत्र आले आहेत. आश्रय घेणाऱ्याने आश्रयदात्याची स्तुतीच केली पाहिजे, हा समज येथे टिकत नाही. त्यांचा तुकारामाचा अनुवाद ‘सेज तुका’ १९९१ साली प्रकाशित झाला. त्याचे श्रेय आयोवाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दोन भाषांमध्ये वावरणाऱ्या या कवीला मिळालेला मोकळा काळ व अन्यभाषक लेखकांचा सहवास नगण्य ठरविणेही तितकेच चुकीचे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने, अग्रक्रम व राष्ट्रहित यांच्याशी सुसंगत नाहीत असे कारण देऊन, या उपक्रमाची सुमारे १० लाख डॉलरांची अनुदाने रद्द केली. युवा लेखकांचे उन्हाळी शिबिर व दूरशिक्षणाचे पाठ्यक्रम बंद करावे लागले. शरद ऋतूतील निवास चालू ठेवून लेखकसंख्या सुमारे निम्म्याने घटविण्याचा निर्णय झाला. विद्यापीठ, खाजगी देणगीदार व अन्य देशांतील संस्था हे आधार असल्यामुळेच मूळ उपक्रम तगला. आश्रयाचे स्रोत अनेक असणे ही केवळ आर्थिक सोय नसून लेखनस्वातंत्र्याची पूर्वअट आहे, असे यावरून म्हणता येईल.

या घटनेचा मराठीशी असलेला संबंध केवळ एका कवीपुरता नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनास साहाय्य मिळते. तिचे महत्त्व वादातीत आहे. परंतु हे साहाय्य लेखन पूर्ण झाल्यानंतरचे आहे. काष्टीसारख्या गावात शेती वा नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याचे हस्तलिखित छापले जाऊ शकते. ते पुरे करण्यास लागणारे तीन महिने त्याला कोण देणार, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. छापलेल्या पुस्तकांची मोजदाद होते. अवकाशाअभावी न लिहिलेल्या पुस्तकांची नोंद कोणत्याही सूचीत सापडत नाही. अनुदान बंद झाल्याने होणारी हानी या दुसऱ्या प्रकारची असते. म्हणूनच ती सहज दुर्लक्षिली जाते.