गल्ला सोपवायचा कसा? ग्लायडर शिकवणाऱ्यांकडून शिका!

मालक आजारी पडला की दुकान बंद. कसबा पेठेत अशी दुकानं कमी नाहीत. कामाला मुलगा असतो, पण त्याच्यावर कधी काही सोपवलेलंच नसतं.

आपल्या पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोन सीटच्या ग्लायडरमध्ये शिकणारा पुढे बसतो, अनुभवी प्रशिक्षक मागे. कंट्रोल दोघांकडेही असतात. यातून काय घ्यायचं?

१. बोलून सोपवा. प्रशिक्षक म्हणतो, ‘कंट्रोल तुझ्याकडे.’ शिकणारा उत्तर देतो, ‘कंट्रोल माझ्याकडे.’ गोंधळच नाही! तुम्हीही स्पष्ट सांगा, ‘पाच ते सहा गल्ला तुझा.’

२. मागे बसा. बारीक चूक त्याची त्याला सुधारू द्या. मोठं नुकसान दिसलं तरच हात घाला. गिऱ्हाइकासमोर टोकू नका.

३. एकट्याला सोडा. तयारी झाली की प्रशिक्षक खाली उतरतो, विद्यार्थी एकटा उडतो. त्याला ‘सोलो’ म्हणतात.

४. नंतर बोला. काय जमलं, काय राहिलं, दोन्ही सांगा.

होमवर्क : या आठवड्यात एक तास दुकानाबाहेर राहा. परत आल्यावर दोघं मिळून हिशोब जुळवा. तुमच्याशिवाय तासभरही चालत नसेल, तर तो धंदा नाही, बिनसुट्टीची नोकरी आहे!