दुभाष्या बरोबर घेऊन निघालेला प्रोग्रॅम

आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी अलीकडे पायथन ही भाषा शिकूं लागले आहेत. कोणी हजेरीची बेरीज करणारा, तर कोणी दुकानाच्या उधारीची नोंद ठेवणारा लहानसा प्रोग्रॅम लिहितो. शाळेच्या संगणकावर तो उत्तम चालतो. परंतु तोच काकांच्या दुकानीं नेला असतां मुळींच चालत नाहीं. विद्यार्थी खट्टू होतो, आणि घरच्या वडील माणसांस वाटतें कीं, या शिकण्याचा व्यवहारांत कांहीं उपयोग नाहीं. वास्तविक येथें दोष मुलाचाही नसतो व संगणकाचाही नसतो. असें कां होतें व त्यावर उपाय कोणता, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

संगणकाच्या प्रोसेसरला केवळ आंकड्यांनीं बनलेल्या यंत्राज्ञा समजतात. सी या भाषेंतील प्रोग्रॅमचें अशा आज्ञांत आधींच भाषांतर करून ठेवतात. मग मूळ लेखाची व भाषांतरकाराची गरज उरत नाहीं. पायथनची रीति निराळी आहे. गिडो व्हान रोसम यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केलेल्या या भाषेंतील प्रोग्रॅम चालतेवेळीं एक दुभाष्या लागतो. त्यास इंटरप्रिटर म्हणतात. तो आपला लेख वाचतो, त्याचें बाइटकोड नांवाचें संक्षिप्त रूप करतो, आणि त्यांतील एकेक आज्ञा यंत्राकडून पार पाडून घेतो. विंडोजच्या संगणकांत हा दुभाष्या मुळांत नसतो. तो आपणांस आणून बसवावा लागतो. शाळेंत तो बसविलेला होता, दुकानांत नव्हता, एवढेंच काय तें अंतर.

मग दुकानांतही तो बसवावा, असें कोणी म्हणेल. शक्य असेल तेथें तेंच करावें. परंतु कित्येक ठिकाणीं इंटरनेट नसतें. कित्येक कचेऱ्यांत नवीन कांहीं बसविण्याची परवानगी नसते. आणि दुभाष्या आला तरी प्रोग्रॅमनें वापरलेलीं इतर ग्रंथालयें पुन्हां निराळीं आणावीं लागतात. अशा वेळीं प्रोग्रॅमनें आपला दुभाष्या बरोबर घेऊनच निघावें, हा दुसरा उपाय होय.

पायइन्स्टॉलर हें साधन हेंच काम करतें. तें प्रथम आपला लेख तपासून त्यांत कोणकोणतीं मॉड्यूलें मागविलीं आहेत तें पाहतें. त्या मॉड्यूलांनीं आणखी कोणतीं मागविलीं आहेत तेंही पाहतें. नंतर हीं सर्व, स्वतः इंटरप्रिटर, आणि आरंभ करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम, यांची तें एकत्र मोट बांधतें. म्हणूनच दहा ओळींचा लेख बांधल्यावर कित्येक मेगाबाइटांचा होतो. यांत लेखाचें खरें भाषांतर झालेलें नसतें; प्रवाशानें शिदोरी बांधून घ्यावी तशी दुभाष्याची सोय केलेली असते.

ही मोट दोन प्रकारें बांधतां येते. पहिल्या प्रकारांत एक फोल्डर तयार होतो व तो संपूर्ण न्यावा लागतो. दुसऱ्यांत सर्व मिळून एकच फाइल होते. ती नेण्यास सोपी. पण चालवितांना ती दर वेळीं आपलें सामान एका तात्पुरत्या फोल्डरमध्यें उलगडते, त्यामुळें आरंभास वेळ लागतो, आणि काम संपतांच तो फोल्डर पुसून टाकते. येथें विद्यार्थ्यांनीं फार सावध असावें. उधारीची वही प्रोग्रॅमच्या मूळ लेखाशेजारीं लिहावी, अशी योजना केली असेल, तर ती वही त्या तात्पुरत्या फोल्डरांत लिहिली जाईल, आणि प्रोग्रॅम बंद होतांच दिवसभराचा हिशेब नाहींसा होईल. म्हणून जी नोंद टिकावयाची आहे ती वापरणाराच्या स्वतःच्या फोल्डरांत ठेवण्याची तजवीज प्रोग्रॅममध्यें स्पष्ट करावी.

या साधनाच्या मर्यादाही जाणून घ्याव्या. विंडोजवर बांधलेली मोट लिनक्सवर किंवा मॅकवर उघडत नाहीं. ज्या जातीच्या यंत्रासाठीं ती हवी, त्याच जातीच्या यंत्रावर बांधावी. तसेंच, बरोबर नेलेला दुभाष्या त्या यंत्रावर नांदणारा पाहिजे. पायथन 3.9 व त्यापुढील आवृत्त्या विंडोज 7 वर चालत नाहींत. तेव्हां तसा जुना संगणक असल्यास 3.8 मध्येंच मोट बांधली पाहिजे. कांहीं मॉड्यूलें प्रोग्रॅम चालूं असतांना नांवानें मागविलीं जातात; तीं तपासणींत दिसत नाहींत व मागें राहतात. चित्रें व माहितीच्या फाइलींचेंही तसेंच. त्यांचीं नांवें आपण सांगावीं लागतात. शिवाय, मोट बांधली म्हणजे आंतील मजकूर गुप्त झाला असें नव्हे. जाणता मनुष्य तो उलगडून वाचूं शकतो. म्हणून त्यांत पासवर्ड कधींही ठेवूं नये.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. व्हायरस करणारे लोकही हेंच साधन वापरतात. त्यामुळें निर्दोष प्रोग्रॅमवरही पहारेकरी अँटिव्हायरस कधीं कधीं आक्षेप घेतो. मुलानें 'पहारा बंद करा' असें सांगूं नये, आणि पालकांनीं तसें करूंही नये. मूळ लेख बरोबर द्यावा, तो जाणत्यास दाखवावा, एका फाइलीऐवजीं फोल्डरचा प्रकार करून पाहावा. अनोळखी माणसाकडून आलेली अशी फाइल तर उघडूंच नये.

इतर साधनेंही आहेत. न्यूटका हें पायथनचा लेख सी भाषेंत उतरवून मग यंत्राज्ञांत त्याचें रूपांतर करतें. मॅकसाठीं पायटूअ‍ॅप आहे. जावास्क्रिप्टसाठीं डेनोमध्यें अशीच सोय आहे. नांवें वेगळीं, तत्त्व पुष्कळ अंशीं एकच.

शेवटीं एक कसोटी सांगतों. ज्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिला, तेथें मोट चालली याला महत्त्व नाहीं. तेथें दुभाष्या आधींच हजर असतो. जेथें पायथन कधीं आलें नाहीं अशा संगणकावर ती चालवून पाहावी, आणि वापरणाराच्या हातीं देऊन आपण गप्प बसावें. त्याला कांहीं न विचारतां काम करतां आलें, म्हणजे प्रोग्रॅम पुरा झाला असें समजावें. आपल्या हाताशीं जें चालतें तें दुसऱ्याच्या दारीं चालेपर्यंत निम्मेंच काम झालेलें असतें.